अंडं नाही, दूध नाही, तरी गुबगुबीत पॅनकेक : सोलापूरच्या घरातली पद्धत

माझ्या बहिणीच्या मुलीला दूध चालत नाही आणि अंडं पण चालत नाही. नावडतं असं नाही, अ‍ॅलर्जीच आहे, चुकून पोटात गेलं तर थोड्याच वेळात अंगावर गांधी उठतात आणि ओठ सुजतात. मे महिन्यात ती पुण्याहून आमच्याकडे सोलापूरला येते, आणि दोन वर्षांपूर्वी आल्या आल्या तिनं विचारलं, मावशी, तुला पॅनकेक येतात का गं, ते जाड जाड असतात तसले? मी हो म्हणून बसले आणि मग पुढचे आठ दिवस रोज सकाळी करून बघितले. त्यातून जे हाताला लागलं ते सगळं इथं लिहितेय, कारण आता मला ही रेसिपी पाठ झालीय आणि अशी पोरं आता बऱ्याच घरात आहेत.

पहिल्यांदा एक गोष्ट डोक्यात पक्की करा. पॅनकेक फुगतो तो अंड्यानं नाही. आपली भाकरी फुगते ती वाफेनं, पापुद्रा सुटतो आणि आत वाफ कोंडते. पॅनकेक फुगतो तो गॅसनं, म्हणजे खायचा सोडा आणि आंबट एकत्र आलं की जे बुडबुडे येतात त्यानं. अंड्याचं काम हे बुडबुडे धरून ठेवायचं आणि थोडा ओलावा द्यायचा एवढंच, आणि हे धरून ठेवायचं काम मैदा सुद्धा करतो, फक्त बॅटर दाट पाहिजे आणि आपण त्याच्या मागं लागायचं नाही. आपल्याकडं सगळ्यांचा हात धिरड्याचा आणि डोशाचा असतो, पीठ पातळ करायचं, घोटून घोटून गुठळी मोडायची, तव्यावर टाकलं की वाटीच्या बुडानं गोल पसरवायचं. पॅनकेकला यातलं एकही करायचं नाही. माझे पहिले तीन दिवस या सवयीतच वाया गेले, चव चांगली होती पण पसरट आणि चिवट, धिरडंच ते.

सामान सांगते, सहा पॅनकेक होतील एवढं. मैदा १ कप, म्हणजे वजनावर साधारण १२५ ग्रॅम. बेकिंग पावडर २ चहाचे चमचे, खायचा सोडा पाव चमचा, साखर १ मोठा चमचा, मीठ चिमूटभर. दूध पाऊण कप (कुठलं ते खाली सांगते), लिंबाचा रस १ मोठा चमचा, तेल २ मोठे चमचे. कप म्हणजे २४० मिलीचा धरलाय, तो नसेल तर घरातली कुठलीही एक वाटी घ्या पण मैद्याला आणि दुधाला तीच वाटी, आणि वाटी लहान असेल तर बाकीचं पण थोडं कमी करा. चमचे मात्र सपाट, शीग लावून नाही, सोडा जास्त झाला की साबणासारखी चव येते आणि ती कशानंच झाकत नाही.

दुधाचं बोलू. सोया दूध सगळ्यात भारी जमतं, त्यात लिंबू पिळलं की दहा मिनिटात ते फाटल्यासारखं दाटसर होतं, ताकाच्या जवळ जातं. पण पाकीट महाग पडतं आणि फोडल्यावर उन्हाळ्यात फ्रीजबाहेर राहिलं तर गेलंच म्हणून समजा, इथं मे मध्ये बेचाळीस डिग्री तर सहज होतंय. म्हणून मी शेंगदाण्याचं दूध करते. सोलापूरच्या घरात दुसरं काही नसलं तरी शेंगदाणे असतातच की. अर्धा कप कच्चे शेंगदाणे रात्री भिजत घालायचे, सकाळी चोळून सालं काढायची, दीड कप पाण्याबरोबर मिक्सरला अगदी बारीक फिरवायचे आणि पातळ फडक्यातून पिळून घ्यायचं. मग हे दूध मंद गॅसवर ढवळत पाच-सात मिनिटं उकळून पूर्ण गार करायचं, म्हणजे कच्चट वास जातो. गार हे महत्त्वाचं आहे, गरम दुधात कालवलं तर बेकिंग पावडरचा जोर भांड्यातच संपतो. खाली जो चोथा राहतो तो टाकू नका, भाजीच्या रश्शात घाला. ज्यांना शेंगदाणा किंवा सोयाच चालत नाही त्यांनी नारळाचं दूध निम्मं पाणी घालून घ्या, आणि काहीच नसेल तर साधं पाणी घ्या, खरंच, पाण्यावर पण होतात, चव जरा कमी येते पण फुगायचं काय थांबत नाही.

बेकिंग पावडर जुनी आहे का ते आधी बघा. अर्धा चमचा पावडर पाव कप गरम पाण्यात टाका, लगेच फसफसली तर चांगली, नुसती खाली जाऊन बसली तर तो डबा गेला. आपल्याकडं एक डबा वर्ष वर्ष चालतो, झाकण नीट लागलेलं नसतं, ओल धरते आणि मग लोक म्हणतात अंड्याशिवाय फुगतच नाही. खरं तर बेकिंग पावडर निघालीच अशा माणसासाठी. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला आल्फ्रेड बर्ड म्हणून एक केमिस्ट होते, त्यांच्या बायकोला अंडं आणि यीस्ट दोन्ही सोसत नव्हतं, म्हणून त्यांनी आधी बिनअंड्याचं कस्टर्ड केलं आणि मग १८४३ मध्ये यीस्टशिवाय ब्रेड फुगावा म्हणून ही पावडर केली. मला हे वाचलं तेव्हा फार बरं वाटलं. म्हणजे आपण काय तडजोड करून काहीतरी खालचं करत नाही, ही वस्तू मुळातच घरातल्या एका माणसाला खाता यावं म्हणून जन्माला आली.

आता कृती. दुधात लिंबू पिळून बाजूला ठेवा. मैदा, बेकिंग पावडर, सोडा, मीठ हे एकत्र चाळून घ्या, चाळणं टाळू नका, सोड्याची एक बारीक गुठळी राहिली तर पॅनकेकवर पिवळा डाग येतो आणि तो घास कडू लागतो. साखर मिसळा. मधे खळगा करून दूध आणि तेल एकदम ओता आणि चमच्यानं, रवीनं नाही, खालून वर असं दहा-बारा वेळा फिरवा, बस्स. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबायचं. गुठळ्या दिसतील, वाटाण्याएवढ्या, असू देत. इथंच हात शिवशिवतो, मला माहितीय, आमच्या सासूबाई मागं उभ्या राहून म्हणत होत्या अगं गुठळ्या मोड की, पण जितकं घोटाल तितका मैद्याला चिवटपणा येतो आणि आतला गॅस निघून जातो. बॅटर असं पाहिजे की चमचा वर उचलला तर धार पडू नये, लप्पकन गोळा पडावा आणि हळूहळू पसरावा. इडलीच्या पिठापेक्षा किंचित दाटच. फारच घट्ट वाटलं तर एकेक चमचा दूध वाढवा, दोन-तीन चमच्यांच्या वर जाऊ नका.

पाच ते दहा मिनिटं तसंच ठेवा, तोवर तवा तापतो. वर बुडबुडे आलेले दिसतील, आता परत ढवळायचं नाही, कडेनं डावानं उचलायचं. आणि तासभर पण ठेवू नका, हे डोशाचं पीठ नाही आंबायला. एका रविवारी मी पाहुणे यायचे म्हणून सकाळी सातला कालवून ठेवलं, पाहुणे आले साडेनऊला, सगळे पॅनकेक पुठ्ठ्यासारखे बसले. तेव्हापासून कोरडं वेगळं आणि ओलं वेगळं तयार ठेवते आणि माणसं ताटावर बसली की मिसळते.

तवा नॉनस्टिक असेल तर सोपं, पण लोखंडी डोशाचा तवा चांगला मुरलेला असेल तर रंग जास्त सुंदर येतो. त्याला नीट तापवून, तेलाचं बोट फिरवून कापडानं पुसून घ्या, तेल तरंगायला नको. पाण्याचे दोन थेंब टाका, नाचून उडाले की तापला, मग गॅस मंद ते मध्यम याच्या मधे. तेल करडईचं किंवा सूर्यफुलाचं घ्या, घाण्याचं शेंगतेल वासाला फार पुढं येतं.

पाव कप बॅटर एकाच जागी ओता आणि सोडून द्या. पसरवू नका. तळहाताएवढा गोल आपोआप होतो. दोन-अडीच मिनिटांत वर बुडबुडे येतील, पण पहिले बुडबुडे आले की उलटायचं नाही. बुडबुडा फुटून त्याचं भोक तसंच उघडं राहिलं आणि कड चकाकी जाऊन सुकल्यासारखी दिसली, की तेव्हा उलथनं पूर्ण खाली घालून एका दमात उलटा. उलटल्यावर तो डोळ्यादेखत वर उचलला जातो, कारण बेकिंग पावडरचा दुसरा जोर उष्णता लागल्यावरच सुटतो. भाचीला हाच क्षण बघायचा असतो, ती स्टुलावर उभी राहून ओरडते फुगला फुगला म्हणून. दुसऱ्या बाजूनं दीड मिनिट पुरतं. आणि हात जोडून सांगते, उलथन्यानं दाबू नका. पराठा दाबतात, पॅनकेक नाही.

वरून काळपट आणि आत कच्चा झाला तर गॅस मोठा होता. पांढरट आणि कडक झाला तर गॅस फारच बारीक होता. पहिला नग बहुतेक वेळा बिघडतोच, त्यावर तवा कसा आहे ते कळतं.

अंड्याच्या जागी जवसाची पूड घाला असं बऱ्याच जणी सांगतात, १ चमचा पूड ३ चमचे पाण्यात भिजवून. मी करून बघितलं, पौष्टिक आहे, पण पॅनकेक जड होतो आणि आतून जरा चिकट राहतो. केळ्याचं पण तसंच, अर्धं कुस्करून घातलं तर चव छान पण फुगवटा कमी. जवस आम्ही चटणीलाच ठेवतो. दुसरी एक गोष्ट मात्र कामाची आहे, छोले शिजवलेलं दाट पाणी. फ्रान्समधल्या जोएल रोसेल यांनी २०१४ मध्ये दाखवलं की या पाण्याला अंड्याच्या पांढऱ्यासारखा फेस येतो, आता त्याला अ‍ॅक्वाफाबा म्हणतात. तीन मोठे चमचे गार पाणी बीटरनं फेस येईपर्यंत फेटून शेवटी अलगद मिसळलं, आणि तेवढंच दूध कमी केलं, तर आणखी हलके होतात. रोजच्याला एवढा खटाटोप नको, वाढदिवसाला करा.

ज्वारीचं पीठ घालायचं असेल तर पाव भागापर्यंतच. मालदांडी ज्वारीची चव मस्त लागते, पण ज्वारीत ग्लूटेन, म्हणजे मैद्याला चिवटपणा देणारं प्रथिन नाही, त्यामुळं जास्त घातलं की गॅस धरायला काही राहत नाही आणि उलटताना तुकडे पडतात.

ज्या घरात अ‍ॅलर्जी आहे त्यांनी हे नीट वाचा. एगलेस लिहिलंय म्हणजे दूध नाही असं नसतं, आणि पाकिटावरचा हिरवा ठिपका फक्त शाकाहारी सांगतो, त्यात दूध पावडर चालते. आम्ही एकदा तयार प्रीमिक्स आणलं होतं, घाईत पुढचीच बाजू वाचली, आणि संध्याकाळी पोरीला घेऊन दवाखान्यात बसलो होतो. आता मागचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय काहीच घरात येत नाही. तूप पण दुधाचंच, एवढ्यानं काय होतंय म्हणून कडेनं सोडू नका. आणि ज्या तव्यावर, ज्या उलथन्यानं सकाळी आम्लेट केलं तो तवा तसाच वापरू नका, तिच्यासाठी आमचा तवा वेगळाच ठेवलाय.

वर घालायला मेपल सिरप कशाला शोधताय, काकवी घ्या, गरम पॅनकेकवर काकवीची धार आणि डाळिंबाचे दाणे, आपल्या जिल्ह्याची डाळिंबं आहेतच. मध व्हीगन नसतो, पक्कं व्हीगन पाळणाऱ्याला, म्हणजे प्राण्यांपासून मिळणारं काहीच न खाणाऱ्याला, देऊ नका. भाचीला शेंगदाण्याचा कूट आणि गूळ आवडतो. आणि तिचे बाबा बॅटरमधली साखर वगळायला लावतात आणि वर आपली शेंगा चटणी तेल घालून खातात, पहिल्यांदा मला विचित्र वाटलं, आता मी पण तशीच एक तरी खाते.

उरले तर एकावर एक रचून झाकू नका, वाफेनं ओले होतात. जाळीवर पूर्ण गार करून डब्यात, दुसऱ्या दिवशी मंद तव्यावर झाकण ठेवून गरम केले की परत मऊ. परत पुण्याला जाताना सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेससाठी मी पाचलाच उठून तिला डबा करून देते, मधे एकेक कागद घालून. बहीण म्हणते कुर्डुवाडी स्टेशन यायच्या आत डबा रिकामा असतो.