पॅपची स्लाइड बघण्याआधी फॉर्म बघा

पुण्यात पॅथॉलॉजीच्या पीजीला नव्याने लागलेल्यांना माझं पहिलं सांगणं हेच असतं. पॅप म्हणजे गर्भाशयमुखावरून घेतलेल्या पेशींची तपासणी; त्या पेशींचा काचेवर पसरलेला थर म्हणजे स्मिअर. वय आणि शेवटच्या पाळीची तारीख फॉर्मवर असते, हार्मोनचा रकाना मात्र बहुधा कोराच येतो. ओपीडीत ‘औषधं चालू आहेत का?’ विचारलं की बायका ‘नाही’ म्हणतात, कारण पाळणा लांबवण्याची गोळी त्यांच्या लेखी औषधात धरत नाहीत. ‘माला-एन घेता? अंतराचं इंजेक्शन घेतलंय?’ असं गर्भनिरोधकाचं नाव घेऊन विचारायला हवं. रकाना कोरा दिसला तर गायनॅकच्या रेसिडेंटला सरळ फोन लावा.

कारण हार्मोनप्रमाणे पेशींचं रूप बदलतं. इस्ट्रोजेनच्या जोरावर पेशी पूर्ण पिकतात: मोठ्या, सपाट, गुलाबी-केशरी, मधोमध केंद्रकाचा काळा ठिपका. प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं औषध असलं की पिकणं मध्येच थांबतं. मग इंटरमीजिएट (अर्धवट पिकलेल्या) पेशींचे पुंजके दिसतात, कडा दुमडलेल्या. ग्लायकोजेन (पेशीत साठलेली साखर) भरपूर, त्यामुळे लॅक्टोबॅसिलस या जिवाणूंची चंगळ. ते पेशी फोडतात आणि नुसती उघडी केंद्रकं उरतात. त्याला घाईने ‘खराब स्मिअर’ म्हणू नका.

खरी कसोटी अ‍ॅट्रोफीत, म्हणजे इस्ट्रोजेनअभावी अस्तर पातळ पडतं तेव्हा, लागते. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या तरुण ट्रान्स पुरुषाचा स्मिअर पाळी गेलेल्या बाईच्या स्मिअरसारखा दिसू शकतो. सगळ्या पॅराबेसल (न पिकलेल्या) पेशी, लहानखुऱ्या, त्यात केंद्रक मोठं भासतं, आणि एचएसआयएलची, म्हणजे कर्करोगाआधीच्या गंभीर बदलाची, शंका येते. अशा वेळी हाय पॉवर लावून केंद्रकाची कड बघा. गुळगुळीत कड आणि एकसारखं क्रोमॅटिन (केंद्रकातलं डीएनएचं द्रव्य) हे अ‍ॅट्रोफीकडे झुकतं; कड वेडीवाकडी, क्रोमॅटिन भरड असेल तर सीनियरना दाखवल्याशिवाय स्लाइड सोडू नका. पाळी गेलेल्या बाईत तरीही उलगडा झाला नाही, तर स्त्रीरोगतज्ज्ञ थोडे दिवस इस्ट्रोजेनचं क्रीम देऊन पुन्हा स्मिअर घेतात. नुसती अ‍ॅट्रोफी असेल तर पेशी पिकून येतात, एचएसआयएलच्या पेशी तशाच राहतात. स्तनाच्या कर्करोगाची हिस्टरी असेल तर क्रीमचा निर्णय अर्थातच जपून.

टॅमॉक्सिफेनची तर मजाच. स्तनात ते इस्ट्रोजेनला अडवतं, योनीच्या अस्तरावर मात्र इस्ट्रोजेनसारखंच वागू शकतं. सत्तरीच्या आजींच्या स्मिअरमध्ये पिकलेल्या गुलाबी पेशी दिसल्या की आधी हे आठवा.

अ‍ॅटलास महाग वाटला तर अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत जुनी प्रत मिळते का बघा, फक्त त्यात बेथेस्डाची (पॅपचे निष्कर्ष लिहिण्याची) वर्गवारी २०१४ ची हवी. व्हायवासाठी मॅच्युरेशन इंडेक्सही, म्हणजे न पिकलेल्या, अर्धवट पिकलेल्या आणि पूर्ण पिकलेल्या पेशींचं शेकडा प्रमाण, करून ठेवा. त्याचा नमुना योनीच्या बाजूच्या भिंतीवरून घ्यायचा, गर्भाशयमुखावरून नाही, आणि सूज असेल तर तो आकडा धरायचा नाही.