माहिती अधिकाराचा अर्ज टाकायला निघालेल्या बातमीदारासाठी

पोच घ्या. बाकी सगळं नंतर. अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या, एक आवकच्या टेबलावर द्यायची आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक, सही घेऊनच तिथून हलायचं. शिक्क्याची शाई बऱ्याचदा सुकलेली असते, नुसता निळा डाग उमटतो. मग तारीख पेनाने लिहून मागा. "साहेब मीटिंगला गेलेत, ठेवून जा, पोच नंतर देतो" या बोलण्यावर मी एकदा विसंबलो. महिन्याभराने त्याच टेबलावरून "असा अर्ज आलाच नाही" हे उत्तर मिळालं आणि रस्त्याच्या कामाची बातमी तिथेच मेली. आवकला घेतच नसतील तर हुज्जत घालू नका. स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा आणि टपाल पोचल्याची ऑनलाइन नोंद लगेच छापून ठेवा.

अर्ज नागरिक म्हणून स्वतःच्या नावाने करायचा. "संपादक, दैनिक अमुक" असं लिहिलंत की "माहिती फक्त नागरिकांना" म्हणून अर्ज परत करायला निमित्त मिळतं. माहिती कशाला हवी हे लिहू नका, माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(२) प्रमाणे कारण द्यावं लागत नाही. पत्ता मात्र लागतो, तो घरचा नको. वाळू आणि जमिनीच्या प्रकरणांत तर अजिबात नको. माहिती अधिकारातून जमिनीचे घोटाळे बाहेर काढणाऱ्या तळेगावच्या सतीश शेट्टींचा २०१० मध्ये खून झाला, हे विसरू नये.

राज्याच्या कार्यालयाला, महापालिकेला, जिल्हा परिषदेला जोडपत्र 'अ' (अर्जाचा ठरलेला नमुना) आणि १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. केंद्राच्या कार्यालयात हा स्टॅम्प चालत नाही, तिथे पोस्टल ऑर्डर लावा. राज्याच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द. गाऱ्हाणं मांडत बसलात तर १५० शब्द त्यातच संपतील.

खरी मेहनत मागणीच्या वाक्यांवर करा. "रस्ता वर्षभरात का उखडला?" याला उत्तर येईल, "प्रश्नार्थक माहिती देता येत नाही." आणि ते उत्तर टिकतं, कारण कायदा अस्तित्वात असलेला कागद देतो, खुलासा देत नाही. म्हणून कागदाचं नाव घ्या: त्या कामाचं मंजूर अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं, अदा केलेली देयकं, गुणवत्ता चाचणीचे अहवाल, आणि नस्तीतल्या, म्हणजे कार्यालयीन फायलीतल्या, टिपण्या. टिपण्या तर हमखास मागा. देयक थांबवा असं कोणी लिहिलं आणि त्यावर सही करून पुढे कोणी ढकललं, हे तिथेच सापडतं. कालावधी तारखेनिशी लिहा. "गेल्या काही वर्षांतील सर्व कामे" म्हटलंत की "माहिती विस्तृत स्वरूपाची आहे" हे पत्र आलंच समजा. नस्ती जाडजूड असेल तर आधी अवलोकन मागा. पानं स्वतः चाळा, खुणा करा आणि तेवढ्याच पानांच्या प्रती घ्या. प्रती प्रमाणित घ्या, साध्या नकोत. उद्या मानहानीची नोटीस आली तर त्याच कामी येतील.

आता दिवस मोजा, आणि ते मोजणार कशावरून? पोचेवरून. उत्तराला ३० दिवस. एखाद्याच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास, पण बातमीची घाई म्हणजे जीविताचा प्रश्न नव्हे. मुदत उलटली तर कलम ७(६) प्रमाणे माहिती फुकट द्यावी लागते, पण मुदत उलटली हे दाखवायचं तुम्हाला, आणि पोचेशिवाय ते दाखवता येत नाही. आणखी एक खोडी अशी की २८व्या-२९व्या दिवशी "शुल्क भरा" असं पत्र निघतं. ते पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस ३० मध्ये धरत नाहीत. पत्रावर आधीची तारीख आणि पाकिटावर टपालाचा शिक्का चार दिवस नंतरचा, असंही होतं. म्हणून पाकीट फेकू नका. पैसे भरल्याचीही पावती घ्या. पोच, पाकीट, पावती, तिन्ही एकाच फायलीत.

नकार आला तर कलम बघा. कलमच लिहिलेलं नसेल तर अपिलात पहिला मुद्दा तोच. "वैयक्तिक माहिती" हे कारण आता जास्त ऐकू येईल. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने कलम ८(१)(ञ) (इंग्रजीत j) मधली सार्वजनिक हिताची अट काढून टाकली आणि ती दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. मात्र कलम ८(२) शाबूत आहे: जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. अपिलात याच कलमावर भर द्या. कलम १० ही लावा, म्हणजे नावं झाकून उरलेला भाग तरी मिळेल.

राज्याच्या कार्यालयात पहिलं अपील: जोडपत्र 'ब', २० रुपये, उत्तर मिळाल्यापासून किंवा मुदत संपल्यापासून ३० दिवसांत. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नका. याचीही पोच घ्या, हो, याचीही. निर्णय ३० दिवसांत, फार तर ४५. मग माहिती आयोगाकडे दुसरं अपील, ९० दिवसांत, जोडपत्र 'क'. तिथे सुनावणी लागायला वेळ लागतो, तोवर त्याच विषयाचे दुसरे कागद दुसऱ्या कार्यालयातून मागवा. सुनावणीला मूळ फाईल, दोन झेरॉक्स संच. पुढे हायकोर्टात जायचं झालं तर वकील बघेल.