रॉकेट आडवं का जातं? दिवाळीत या चुका टाळा

दोन-तीन वर्षांपूर्वी नाशिकमध्ये इंदिरानगरला आमच्या बिल्डिंगसमोर दाजींनी बिअरच्या रिकाम्या बाटलीत रॉकेट लावलं, वात पेटली, दाजी मागे पळाले, आणि पळताना त्यांचाच पाय लागला की वाऱ्याने झालं देव जाणे पण बाटली आडवी झाली आणि रॉकेट सरळ पार्किंगमध्ये, स्कूटरच्या खालून, भिंतीला लागून ठो! कोणाला लागलं नाही हे नशीब. नंतर सगळे म्हणत बसले की माल खराब होता. माल चांगला होता हो, बाटली रिकामी होती. वर डोकं जड, खाली लांब काडी आणि बूड हलकं, मग ते पडणारच ना.

आपल्याकडे वाइनच्या बाटल्यांना तोटा नाही, त्यांचं बूड जड असतं म्हणून काही जण त्या वापरतात. बाटली पडायची कमी हे खरं, पण रॉकेट जागेवरच फुटलं तर काचा उडतात, त्यामुळे काच नकोच. सोपं काय तर एक बादली घ्या, ओल्या वाळूने गच्च भरा, मधोमध इंचभर रुंद पाइपाचा तुकडा उभा रोवा. पाइप एवढा लांब हवा की काडीचा निम्म्याहून जास्त भाग आत जाईल आणि वात बाहेर मोकळी राहील. काडी आत घालून एकदा वर-खाली करून बघा, अडकता कामा नये. आणि एका पाइपात एकच रॉकेट! तीन-चार कोंबून ठेवली की एकाच्या ठिणगीने दुसरं पेटतं आणि मग कोण कुठे जाईल काही सांगता येत नाही.

याच्या उलट चूक म्हणजे काडी सरळ मातीत खुपसणं. मुलं हमखास करतात, उभं छान राहतं ना. पण मातीने काडी धरून ठेवली की रॉकेट सुटतच नाही, तिथेच जळतं आणि पेटवणाऱ्याच्या समोर फुटतं.

आता काडीचं. बरेच जण समजतात काडी फक्त उभं करायला असते, म्हणून मोडली तरी लावतात, नाहीतर बाटलीत मावत नाही म्हणून स्वतःच तोडतात. अरे ते रॉकेटचं शेपूट आहे! बोटावर आडवं ठेवून बघा, चांगलं रॉकेट दारूच्या नळीवर तोलत नाही, जिथून आग निघते त्या तोंडाच्या जरा मागे, काडीवर तोलतं. काडी तोडली की हा तोल पुढे सरकतो आणि रॉकेट गरगर फिरत कुठेही घुसतं. काडी मोडलेलं, वाकलेलं किंवा सैल झालेलं रॉकेट बाजूला ठेवायचं, चिकटपट्टी लावून जुगाड नको.

सादळलेलं रॉकेट कडक उन्हात वाळवायचं ही अजून एक आवडती गोष्ट, आमच्या घरी पण गच्चीवर वर्तमानपत्र टाकून हे चालायचं. होतं काय, आतली दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक दाबून बसवलेली असते, ती ओल धरून परत वाळली की तिला भेगा पडू शकतात. मग आग हळूहळू वर सरकायच्या ऐवजी भेगांतून एकदम आत शिरते आणि उडायच्या जागी रॉकेट फुटतं. मागच्या वर्षीचा माल माळ्यावरून काढलात तर हे डोक्यात असू द्या. नवीन घेताना, मग डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावरचे स्टॉल असोत की गल्लीतलं दुकान, वात नीट आहे का, काडी सरळ आहे का ते तिथेच बघा, आणि ग्रीन फटाक्याच्या खोक्यावर नीरीचा (नागपूरची पर्यावरण संशोधन संस्था) लोगो असतो तो पण.

वाऱ्याबद्दल लोकांचा अंदाज उलटा असतो. वाटतं रॉकेट वाऱ्यासोबत वाहून जाईल, पण जळत असताना लांब काडी वाऱ्याने मागे ढकलली जाते आणि तोंड वाऱ्याकडे वळतं, म्हणजे रॉकेट वारा येतो त्या बाजूला झुकतं. दारू संपली की मग उरलेली काडी वाऱ्यासोबत येते. जोराचा वारा असेल तर राहू द्या, भुईनळे लावा.

जागेचं म्हणाल तर जुन्या नाशकातल्या आणि पंचवटीतल्या गल्ल्यांमध्ये रॉकेट लावूच नये, लाकडी वाडे, वर वायरींचं जाळं, उघड्या खिडक्या. गॅलरीतून तर अजिबात नको. दिंडोरी, निफाडकडे मळ्यात भरपूर मोकळी जागा आहे, पण तिकडे कांदाचाळ, मक्याच्या चाऱ्याची गंज आणि शेडनेट कुठेय ते आधी बघा, एक जळकी काडी पुरते.

पेटवताना हातात लांब उदबत्ती, हात लांब, अंग बाजूला, तोंड कधीच रॉकेटच्या वर नाही. कपडे सुती, ओढणी खोचलेली. बाकीचे पंधरा-वीस पावलं लांब. पेटवणारा एकच आणि तो मोठा माणूस आणि शुद्धीत असलेला, हे दाजींना आता पाठ झालंय.

आणि फुस्स झालं तर? सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. वात विझल्यासारखी दिसते, आपण वाकून बघतो, फुंकर मारतो. नाही! पंधरा-वीस मिनिटं कोणी जवळ जायचं नाही, मग लांबूनच पाणी ओतायचं आणि रात्रभर बादलीत बुडवून ठेवायचं. परत पेटवायचं नाही, कितीही महाग असलं तरी.

भाजलं तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही लावू नका, डोळ्याला लागलं असेल तर चोळू नका आणि थेट डॉक्टर. ॲम्ब्युलन्स १०८, फायर ब्रिगेड १०१.

वेळ पण बघा, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये दिवाळीसाठी रात्री ८ ते १० ठरवून दिली होती, आणि हॉस्पिटलपासून १०० मीटरच्या आत तर काहीच नाही.

सकाळी उठल्यावर पहिल्यांदा झाडू मारायच्या आधी खाली एक चक्कर मारा, कारण बारकी पोरं सहालाच उठून न फुटलेले गोळा करतात, सोलून आतली दारू कागदावर काढतात आणि काडी लावतात, आम्ही पण केलंय, माझी उजवी भुवई त्यात एकदा गेलेली.