जूनमध्ये माउंट अ‍ॅडम्सवर स्की घेऊन जाताय? आधी चष्मा

काळा चष्मा घ्या. खरं तर यादी इथेच संपवायला हरकत नाही, पण मागच्या जूनमध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या या डोंगरावर मी जे करून बसले त्यानंतर एवढ्यावर सोडवत नाही. आम्ही कोल्ड स्प्रिंग्जहून, म्हणजे जिथे गाडी ठेवून चढाई सुरू होते तिथून, रात्री दोनला निघालो. अंधारात काळा चष्मा कुणाला आठवतो? माझा गाडीच्या डॅशबोर्डवर राहिला. उजाडलं तेव्हा आम्ही लंच काउंटर नावाच्या सपाटीवर, म्हणजे साधारण २८०० मीटरवर होतो आणि गाडी अकराशे मीटर खाली. पुढचं सांगतेच, आधी बाकीचं उरकते.

परवाना: १ मे ते ३० सप्टेंबर ७००० फुटांच्या वर जायला लागतो, आधीच ऑनलाइन काढून ठेवा. मलपिशवीही घ्या. नाक मुरडू नका, वर जे कराल ते पिशवीत घालून खाली आणायचं. रस्त्याची चौकशी ट्राउट लेकच्या रेंजर स्टेशनला करा, कारण जूनच्या सुरुवातीला शेवटच्या काही मैलांवर अजून बर्फ असू शकतो. मग गाडी मध्येच ठेवून तेवढी जास्त पायपीट.

पायपिटीसाठी साधे बूट. स्की आणि स्कीचे बूट सॅकवर. २०१२च्या वणव्यात हा भाग जळलाय, वाटेवर काळे ओंडके आडवे पडलेले असतात. त्यांच्याखालून वाकून जाताना स्कीची टोकं वर अडकतात आणि माणूस मागे खेचला जातो. पट्टे नीट आवळा.

आता वेळेचं, कारण सगळा खेळ त्यावरच आहे. रात्री आकाश निरभ्र असलं की बर्फ गोठून दगड होतो, आणि उन्हाने वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर सैल झाला की साबुदाण्यासारखे दाणे होतात. त्यावर स्की करायची, तेवढ्यासाठीच हा आटापिटा. आपण उतरतो त्या नैऋत्येकडच्या घळींवर ऊन उशिरा पोचतं. सकाळी आठला उतरलात तर काचेवरून दात खिळखिळे करत याल, दुपारी दोनला उतरलात तर घोट्यापर्यंतचा चिखल आणि वर ओला बर्फ सुटून सोबत यायची भीती. रात्रभर ढग होते आणि पहाटेच पाय रुततोय? परत फिरा. गोठलंच नाही तर पुढे काय होणार आहे? शिखर पळून जात नाही.

स्किन्सना, म्हणजे चढताना घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला चिकटवायच्या पट्ट्यांना, आदल्या रात्री मेण घासा, नाहीतर दुपारच्या ओल्या बर्फाचे गोळे चिकटून प्रत्येक पावलाला दोन किलो उचलाल. स्की क्रॅम्पॉन, म्हणजे टणक बर्फात रुतणारे धातूचे दाते, तुमच्या स्कीच्या रुंदीला बसतात का ते घरी लावून बघा. घरी. लंच काउंटरच्या वर पाइकर्स पीकपर्यंत साडेसातशे मीटरचा सलग चढ आहे, पहाटे टणक असतो. तिथे बुटांचे क्रॅम्पॉन आणि आइस अ‍ॅक्सही लागतात. पाइकर्स पीक म्हणजे माथा नव्हे, तिथे फोटोबिटो काढू नका. खरा माथा ३७४३ मीटरवर आहे, मधल्या सपाटीनंतर आणखी एक चढ.

तर चष्मा. ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो, शिवाय दर हजार मीटरला त्यांचा मारा साधारण दहा टक्क्यांनी वाढतो. टोपी पुढे ओढून काही होत नाही, ऊन खालूनच येतं. मी दिवसभर डोळे बारीक करून चालले. मावसभाऊ म्हणाला, "ताई, अर्धा अर्धा तास माझा घाल." म्हणजे त्याचेही अर्धे डोळे मी खाल्ले. आणि गंमत अशी की तेव्हा काहीही दुखत नाही. त्रास सहा ते बारा तासांनी सुरू होतो. रात्री आठला मिरची चिरलेले हात डोळ्यांत गेल्यासारखं वाटायला लागलं, मग पापणीखाली वाळू, मग पापणी उघडेचना. गाडी त्यानेच चालवली. मी दीड दिवस पडदे लावून ओला रुमाल डोळ्यांवर घेऊन पडले होते. इनुइट लोक हाडाच्या पट्टीला बारीक चीर पाडून डोळ्यांवर बांधायचे हे तेव्हा आठवलं. पुठ्ठा होता, चिकटपट्टी होती, चाकू होता. अक्कल घरी आली.

म्हणून: चष्मा बाजूंनी बंद असलेला, काचेच्या गडदपणाच्या कॅटेगरी ३ किंवा ४चा. ४ची काच ३ ते ८ टक्केच उजेड आत सोडते, ती घालून गाडी चालवायची नाही. स्कीचा मोठा, चेहऱ्याला घट्ट बसणारा गॉगल आहे ना, असं म्हणू नका. चढताना घामाने त्यावर वाफ धरते आणि तुम्ही तो काढता. दुसरा स्वस्तातला चष्मा सॅकच्या वरच्या कप्प्यात, कायमचा. आणि पहिला रात्रीच स्कीच्या बुटात घालून ठेवा. डाव्या. बुटात पाय घालायचा तर आधी तो बाहेर काढावाच लागतो. ढग असले तरी घ्या. जोडीदारालाही बूट दाखवायला सांगा, लाजू नका.

सनस्क्रीन नाकपुड्यांच्या आत आणि हनुवटीखालीही. पाणी तीन लिटर. खाणं तुमचं तुम्ही बघा. हेल्मेट, आणि हिमस्खलनात गाडलेल्याला शोधून काढायला ट्रान्सीव्हर, फावडं, प्रोब, हे सांगायला लागत असेल तर जाऊच नका.

उतरताना घळीत फार खाली जाऊ नका, वेळेत डावीकडे आडवं कापा, नाहीतर झाडीत स्की खांद्यावर घेऊन वाट शोधत बसाल. कापायची उंची जीपीएसवर आधी टाकून ठेवा.

गाडीत कोरडे मोजे, चपला, डासांचं मलम, पाणी. चष्मा गाडीत नाही. बुटात.