पोर्शे 718 दारात उभी आहे? मग या चुका टाळा

दरवर्षी पाऊस ओसरला की ओळखीच्या गाडीवाल्यांपैकी कुणाचा तरी फोन येतोच. "चार महिने गाडी नीट झाकून ठेवली होती, आता दारसुद्धा उघडत नाहीये." आवाजात खरी कळवळ असते, कारण त्यांनी गाडी जपलेलीच असते. पण स्पोर्ट्स कार चालवून जेवढी खराब होते, त्यापेक्षा जास्त उभी राहून होते. माझी 718 केमन 2017 ची आहे, सेकंडहँड घेतलेली. खालच्यांपैकी बऱ्याच चुका मी तिच्यावरच केल्यात, म्हणून कळकळीने लिहितोय.

बॅटरी बसली की डिकीही उघडत नाही

718 मध्ये इंजिन सीटच्या मागे आणि बॅटरी पुढच्या डिकीत. पुढचं झाकण विजेवर उघडतं. म्हणजे बॅटरी पूर्ण उतरली तर बॅटरीपर्यंत पोचायलाच बॅटरी लागते! इथे लोक झाकणाच्या फटीत पाना घालतात आणि पत्रा वाकवून बसतात. तसं अजिबात करू नका.

चावीतली पाती काढून ड्रायव्हरचं दार उघडा. पाय ठेवतो तिथल्या बाजूच्या पॅनेलमागे फ्यूज बॉक्स आहे, त्यात बाहेर ओढायची लाल पट्टी सापडेल. दुसऱ्या बॅटरीची लाल केबल तिला आणि काळी दाराच्या लोखंडी कडीला लावा. अलार्म बोंबलेल, घाबरू नका. चावीवरच्या बटणाने झाकण उघडेल. एवढ्यावर थांबा, कारण ही पट्टी फक्त झाकण उघडण्यापुरती आहे. तिच्यावरून सेल्फ मारायचा नाही. खरी बॅटरी पुढे उघडल्यावर चार्ज करायची.

ही वेळच येऊ नये म्हणून गाडी आठ-दहा दिवसांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर मेंटेनर चार्जर, म्हणजे उभ्या गाडीची बॅटरी हळूहळू भरलेली ठेवणारा चार्जर, लावून ठेवा. रोज दहा मिनिटं स्टार्ट करून बंद करणं हा उपाय नव्हे. त्यात ऑइल पुरतं तापत नाही, आत साचलेला ओलावा उडून जात नाही आणि बॅटरीही भरत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास रस्त्यावर काढा. आणि ताडपत्रीसारखं प्लास्टिक कव्हर घालू नका, आत दमट हवा कोंडते. पावसाळ्यात उघडी पण छपराखाली असलेली गाडी जास्त सुखी असते.

बंपरमधला पालापाचोळा

रेडिएटर आणि त्यांच्या पुढे एसीचे कंडेन्सर हे सगळं पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांतल्या मोठ्या झरोक्यांत आहे. मागच्या जूनमध्ये एसी नीट गार करेना. गॅस भरायला सांगणारे दोघे भेटले. मी टॉर्च घेऊन झरोक्यात पाहिलं तर गुलमोहराची बारीक पानं, चिखल आणि एक चिप्सचं पाकीट यांचा ओला गोळा झाला होता. बोटाने काढला तर चहाच्या चोथ्यासारखा हाताला चिकटला. असा गोळा ओला राहिला की अॅल्युमिनियमच्या पात्या कुजतात आणि कंडेन्सर गळायला लागतो, मग गॅस कितीही भरा. व्हॅक्यूम क्लीनरला बारीक नळी टेपने लावून ओढून काढा. प्रेशर वॉशर जवळून मारू नका, पात्या आडव्या होतात.

टायर: नक्षी पाहून फसू नका

कमी चाललेल्या गाडीच्या टायरची नक्षी शाबूत दिसते, पण रबर म्हातारं झालेलं असतं. टायरच्या कडेला चार आकडी तारीख असते. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली असतील तर ओल्या रस्त्यावर तो टायर भरवशाचा नाही. कायद्याने नक्षीची खोली 1.6 मिलिमीटरपर्यंत चालते, पण 3 च्या खाली गेली की पाणी कापणं कमी होतं, आणि मागचा टायर 265 रुंद असल्यामुळे तो लवकर पाण्यावर तरंगतो.

हवा सकाळी, थंड टायरमध्ये तपासा. एक्सप्रेसवेवरून उतरून लगेच पंपावर मोजली तर जास्त दिसणारच. तेव्हा हवा काढून टाकणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे.

स्टेपनी नाही, हेही लक्षात असू द्या. मिळतो तो लिक्विडचा डबा आणि कंप्रेसर. कडेला फाटलेल्या टायरला त्याचा उपयोग नाही, टो व्हॅन बोलवावी लागते, आणि ती सपाट पाठीची हवी, मागची चाकं जमिनीवर घासत नेणारी नको. पंक्चरवाल्याकडे गेलात तर जॅक कुठे लावतोय ते स्वतः वाकून पाहा, नेमलेल्या जागीच लागला पाहिजे. बोल्ट एअर गनने ठोकून घट्ट करू देऊ नका. टॉर्क पान्याने 160 न्यूटन-मीटर, बस्स.

घाटात

सकाळी थंड इंजिन रेझ करण्याचा मोह आवरा. कूलंटचा काटा पाच-सात मिनिटांत 90 वर येतो, ऑइल मात्र त्याहून बराच वेळ थंड राहतं. 718 मध्ये ऑइलचं तापमान दिसतं. ते 80 ओलांडेपर्यंत हलक्या पायाने चालवा.

चढावर ट्रॅफिक अडकला तर अॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका. पीडीके, म्हणजे पोर्शेचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, ड्युअल क्लचचा आहे, त्यात टॉर्क कन्व्हर्टर नाही. क्लच तापतो. ब्रेकवर थांबा, पुढे दोन गाड्यांची जागा झाली की एकदाच पुढे जा. उतरताना डाव्या पॅडलने खालचा गियर टाका, म्हणजे ब्रेक कमी तापतील, कारण ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषतं आणि मग लवकर उकळतं. डॉट 4 दर्जाचं फ्लुइड नवं असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा मुरल्यावर हमी 155 चीच. पॅड जाड असले तरी मग पाय खोल जातो. फ्लुइड दर दोन वर्षांनी बदला, किलोमीटर कितीही कमी असोत.

धुतल्यावर डिस्कवर तांबूस गंज दिसला की घाबरू नका. गाडी लावण्याआधी दोन-चार ब्रेक मारून सुकवा, नाहीतर पॅड चिकटतात.

चेक इंजिनचा दिवा स्थिर असेल तर सावकाश गॅरेजला जा. लुकलुकत असेल तर बाजूला घ्या. मिसफायर चालू आहे, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाहीये, आणि ते न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर भाजतंय. स्कॅनरवर आलेला कोड म्हणजे तक्रार असते, निदान नव्हे. मला एका गॅरेजने त्या जोरावर दोन सेन्सर विकले होते, आणि दोष हवेच्या सैल पाइपचा निघाला. साचलेल्या पाण्यात बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या विम्यात तो खर्च सहसा मिळत नाही.

आणि वळण. वेग जास्त वाटला म्हणून मध्येच पाय झटकन काढलात, तर वजन पुढे जातं, मागचं हलकं होतं आणि शेपूट बाहेर येतं. इंजिन मध्ये असलेल्या गाडीत हे फार लवकर घडतं. ताम्हिणीत पहिल्या पावसात माझी गाडी अशीच फिरली, हातभर सरकली आणि इलेक्ट्रॉनिक्सने सावरली. तेव्हापासून वेग वळणाआधीच उतरवतो आणि वळणात पाय हलका पण ठेवलेला असतो.