विवेक, तारतम्य की अक्कल: नेमका शब्द कसा निवडावा

शब्द निवडण्यापूर्वी त्याची फोड करून पाहावी. ‘विच्’, म्हणजे वेगळे करणे, या धातूला ‘वि’ उपसर्ग लागून ‘विवेक’ झाला, म्हणून योग्य-अयोग्य वेगळे काढायचे असेल तेथे तो वापरावा. ‘तारतम्य’ मला याहून मोलाचे वाटते. लघुतर, लघुतम यांतील ‘तर’ आणि ‘तम’ या प्रत्ययांपासून हा शब्द बनला असल्याने, आजारी माणसाला खरे किती सांगावे यासारख्या प्रश्नात, जेथे दोन्ही बाजू रास्त असून कमी-अधिक ठरवायचे असते, तेथे ‘तारतम्य बाळगावे’ असेच लिहावे. ‘अक्कल’ मूळची अरबी. ‘अक्कल पाजळणे’सारख्या प्रयोगांमुळे ती बोचते, तेव्हा औपचारिक पत्रात टाळावी. मूळ भाषेविषयी शंका आल्यास मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती, १८५७) उघडावा. त्यात शब्दापुढे त्या भाषेचे आद्याक्षर दिलेले असते.