लिनक्स लॅपटॉपची खरखर : दुरुस्तीच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात दर उन्हाळ्यात डिप्लोमाची मुलं इंटर्नशिपला येतात. 'लिनक्सवर आवाज खरखरतोय' अशी तक्रार आली की बहुतेक जण नेटवरची एखादी कमांड टर्मिनलमध्ये चिकटवतात. ती चालली नाही की दुसरी. संध्याकाळपर्यंत चार-पाच सेटिंग बदललेली असतात आणि कशाने काय झालं ते कुणालाच सांगता येत नाही. या कामात यायचं असेल तर आधी कान तयार करा. खरखर नेमकी केव्हा होते हे नीट ऐकलं तर निम्मं निदान तिथंच होतं.

ऐकण्यासाठी सिनेमातलं गाणं लावू नका. ढोलकी-तबल्याच्या गर्दीत बारीक तडतड बुडून जाते. मी तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग लावतो. मिरज आपल्या शेजारीच आहे, तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. जवारी (घोडीच्या पृष्ठभागाची नेमकी घासणी) चांगली लागलेला तंबोरा अखंड घुमत राहतो, त्यात एक क्षण तुटला तरी कानाला टोचतो. जवारीची झणक वेगळी आणि तडतड वेगळी, हे एकदा कळलं की पुन्हा चुकत नाही. रेकॉर्डिंग नसेल तर 'स्पीकर-टेस्ट' या कमांडने साईन लहर वाजवा, तीही चालते.

मग स्पीकर, हेडफोन आणि ब्लूटूथ, तिन्हींवर ऐका. फक्त स्पीकरवर खरखर असेल आणि हेडफोनवर स्वच्छ, तर आवाज कमी करून पाहा. शंभर टक्क्यांच्या वर नेलेला आवाज फाटू शकतो. आवाज कमी करूनही खरखर राहिली तर स्पीकरच्या पडद्याकडे बघा. चार्जर काढल्यावर हेडफोनमधली घूंऽऽ थांबत असेल तर लिनक्सला हात लावू नका. जुन्या घरांत सॉकेटला अर्थिंग नसणं नवीन नाही, लॅपटॉप दुसऱ्या चांगल्या सॉकेटवर लावून खात्री करा. शंका उरलीच तर लाईव्ह पेनड्राईव्हवरून, म्हणजे इन्स्टॉल न करता, दुसरं डिस्ट्रो (लिनक्सचा दुसरा प्रकार) चालू करून तेच रेकॉर्डिंग ऐका. गिऱ्हाईकाच्या सिस्टीमला धक्का न लावता बरंच काही कळतं.

आता खऱ्या सॉफ्टवेअरच्या दुखण्याकडे. त्याचे दोन प्रकार सारखे समोर येतात.

पहिला : आवाज सुरू होताना किंवा थांबल्यावर थोड्या वेळाने 'टक्' होतं, मधे सगळं स्वच्छ. हे बहुधा वीज वाचवण्याचं काम असतं. आवाज नसताना साउंड चिप झोपवली जाते आणि उठताना ती टकटकते. इंटेलच्या एचडीए ड्रायव्हरला 'पॉवर सेव्ह' नावाचं पॅरामीटर असतं, त्यात सेकंद लिहिलेले असतात. शून्य म्हणजे झोप बंद. आधी ते चालू सिस्टीममध्ये शून्य करून पाहा, रीस्टार्ट केलं की बदल आपोआप जातो. फरक पडला तरच मॉडप्रोबच्या (ड्रायव्हरची सेटिंग ठेवणाऱ्या) फाईलमध्ये कायमचं लिहा. आणि मशीनवर टीएलपी (बॅटरी वाचवणारा प्रोग्राम) आहे का ते आठवणीने बघा. चार्जर लावला-काढला की टीएलपी हे मूल्य पुन्हा स्वतःच्या हिशेबाने बदलतं, त्यामुळे बदल त्याच्याच कॉन्फिगमध्ये करावा लागतो. 'काल बरं होतं, आज पुन्हा सुरू झालं' या तक्रारीमागे हे कारण निघू शकतं. वायरप्लंबरही (प्रोग्रामांचा आवाज स्पीकरपर्यंत नेणाऱ्या पाइपवायर या ऑडिओ सर्व्हरचा मदतनीस) पाचेक सेकंद शांतता असली की आवाजाचं उपकरण सस्पेंड करतो, त्याचा टायमर वेगळा तपासा.

दुसरा प्रकार जास्त शिकवतो. तासगावकडची एक मुलगी जुना लॅपटॉप घेऊन आली होती. ऑनलाइन लेक्चर चालू असताना ब्राउझरमध्ये टॅब वाढले की सरांचा आवाज तडतडायचा. मी तिला 'पीडब्ल्यू-टॉप' ही पाइपवायरची कमांड चालवायला सांगितलं. पडद्यावर प्रत्येक प्रोग्रामची एक ओळ येते आणि त्यात 'ईआरआर' असा चुकांचा रकाना असतो. तिने आणखी एक जड पान उघडलं, तडतड झाली आणि त्याच क्षणी ब्राउझरच्या ओळीतला आकडा वाढला. म्हणजे प्रोसेसरला पुढचा आवाज वेळेत पोचवता येत नव्हता आणि बफर (आवाज तात्पुरता साठवण्याची जागा) रिकामा पडत होता. पाइपवायर साधारणपणे ४८,००० हर्ट्झला १,०२४ नमुन्यांचा गठ्ठा घेतो, म्हणजे सुमारे २१ मिलिसेकंदांचा आवाज. तो २,०४८ केला की प्रोसेसरला ४३ मिलिसेकंद मिळतात. 'पीडब्ल्यू-मेटाडेटा'ने क्लॉकचा 'फोर्स-क्वांटम' (क्वांटम म्हणजे हा गठ्ठा) बदलून हे जागच्या जागी करता येतं आणि शून्य दिलं की पूर्ववत होतं. तिच्या लॅपटॉपवर रकान्यातला आकडा थांबला आणि आवाजही सरळ झाला.

पण गाणं रेकॉर्ड करणाऱ्याच्या मशीनवर हा उपाय आंधळेपणाने करू नका. गठ्ठा मोठा झाला की कानात स्वतःचा सूर उशिरा येतो आणि गाणारा अडखळतो. तिथे जड प्रोग्राम बंद करा, अनावश्यक टॅब मिटवा आणि क्वांटम लहानच ठेवा.

नेटवरच्या जुन्या सल्ल्यांबद्दल एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पल्सऑडिओ हा जुना ऑडिओ सर्व्हर २००४ पासूनचा, त्याच्या फाईलमध्ये 'टी-शेड' (टायमरवर चालणारं शेड्युलिंग) शून्य करा हा उपाय आजही सगळीकडे सापडतो. पण फेडोरा ३४ ने २०२१ मध्ये आणि उबुंटूने २२.१० मध्ये पाइपवायर हाच नेहमीचा ऑडिओ सर्व्हर केला. अशा मशीनवर पल्सची ती फाईल कुणी वाचतच नाही. म्हणून आधी 'पॅक्टल इन्फो' चालवा. सर्व्हरच्या नावात पल्सऑडिओ दिसेल, पण पुढे 'ऑन पाइपवायर' लिहिलं आहे का ते शेवटपर्यंत वाचा.

व्हर्च्युअल मशीनमधली खरखर मी सहसा दुरुस्त करत बसत नाही, मूळ सिस्टीमवर ऐका म्हणतो. ब्लूटूथवर कॉल सुरू होताच आवाज डबक्यातून आल्यासारखा झाला तर तो बिघाड नसतो. माइक चालू झाल्यावर हेडसेट ए-टू-डीपी (गाणी ऐकण्याचं चांगल्या आवाजाचं प्रोफाइल) सोडून हँड्स-फ्री प्रोफाइलवर जातो. लॅपटॉपचा माइक निवडा, हेडसेट पुन्हा ए-टू-डीपीवर आणता येतो.

नव्या इंटेल लॅपटॉपवर हे सगळं करून काहीच हललं नाही, तर डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या यादीत) 'सॉफ' हे साउंड फर्मवेअरचं नाव शोधा आणि त्या फर्मवेअरचं पॅकेज बसवलंय का ते बघा. तेही असेल तर कर्नल अद्ययावत करा. त्यानंतरही खरखर राहिली तर 'अल्सा-इन्फो' ही स्क्रिप्ट चालवा. ती कोडेक, ड्रायव्हर, मिक्सर सगळी माहिती एका फाईलमध्ये गोळा करते. ती जोडून बग रिपोर्ट टाका आणि सोबत साध्या वाक्यांत लिहा : आवाज केव्हा तडतडतो, कशावर तडतडतो, काय बदलून पाहिलं आणि काय फरक पडला.